जरा गार होऊ द्या

भाचीच्या खोलीतला कॉम्प्युटर तव्यासारखा तापायचा, पण भाऊजी काही केल्या तो बंद करत नसत. कॅबिनेटचं झाकण काढून त्यांनी घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्याकडे वळवला होता आणि स्वतः शेजारी घामाने निथळत बसायचे.

"भाऊजी, एक दिवस जळून जाईल हो! बंद करून जरा गार होऊ द्या," मामा सांगून सांगून थकला. शेवटी भाऊजी अंघोळीला गेलेले पाहून त्यानेच बटण दाबलं.

ते बाहेर आल्यावर त्याने मोठ्या ऐटीत कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. "बघा, कसा गारेगार झालाय! टाका पासवर्ड."

भाऊजींनी टेबलफॅन बंद केला.

 

"पोर गेली तेव्हापासून मी तो बंद होऊ दिला नव्हता रे. पासवर्ड फक्त तिलाच ठाऊक होता."