वरचा गठ्ठा

"चिपमधून किंवा नेटवरून मन देशाबाहेर नेता येत नाही. कागदावर छापलंय ना? मग खुशाल पाठवा," कस्टमचा साहेब म्हणाला.

त्या पेट्यांत शैलजाबाईंच्या गेलेल्या नवऱ्याचं मन होतं. ओस्लोत लेकीनं सगळी पानं टाइप केली, की ते पुन्हा बोलणार होते. वजन जास्त भरलं, तेव्हा बाईंनी वरचा एक गठ्ठा न बघताच काढून घरी आणला.

वर्षभरानं केतकीचा फोन आला.

"आई, बाबा बोलले! पण सारखं विचारतात, निनाद कधी येणार? दादा गेला हेच त्यांना आठवत नाही. तो राहिलेला गठ्ठा पाठव गं."

गठ्ठा समोरच, कपाटावर होता.

"रद्दीत घातला," शैलजाबाई म्हणाल्या आणि पुन्हा गवार मोडायला लागल्या.