नसलेली दाढ

हिरडीच्या ऑपरेशननंतर वृंदाचा गाल टम्म फुगला होता, पण दुखत मात्र काहीच नव्हतं. गालावरची पट्टी दुखणं दुसऱ्याकडे पाठवायची, आणि ते घ्यायला तिचा नवरा श्रीरंग तयारीत बसला होता.

"मलाही काही होत नाहीये," तो गोंधळून म्हणाला. "मग गेलं कुठे?"

"दुखणं नाहीसं होत नसतं," डॉक्टर फोनवर म्हणाले. "पट्टीला हात लावून जो मनापासून मागेल, त्याच्याकडे जातं."

एवढ्यात सासूबाई कवळी हातात घेऊन बाहेर आल्या. "मेलं काही कळेना! तोंडात एक दात नाही आणि दाढ ठणकतेय."

वृंदाला सकाळचं आठवलं. ती दवाखान्यातून आल्याबरोबर सासूबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली होती. "तुझी इडापिडा मला लागो," म्हणाल्या होत्या.

तिने बर्फाची पिशवी उचलली. सासूबाईंनी गाल पुढे केला, पण वृंदाने पिशवी स्वतःच्याच गालावर दाबून धरली.

"बरं वाटतंय का, आई?"

सासूबाई आपला गाल चाचपत राहिल्या. "हो गं. पण बर्फ तर तू लावलायस!"