दहावा कपडा

सासूने शर्टाची घडी घातली आणि तो ढिगावर न ठेवता बाजूला ठेवला.

"दहावा," ती म्हणाली.

सुनेने इस्त्री उभी केली, कमरेच्या पिशवीतून एका कपड्याचे पैसे काढले आणि खिडकीतल्या डब्यात टाकले. दर दहा कपड्यांमागे एक कपडा तारखेचा, असा त्या घरातला नियम होता. उरलेल्या नवांत भाडं, वीज, शाळा आणि तीन पोटं. दहाव्याला हात लावायचा नाही.

बोलायला सोपा नियम, पण पाळताना जीव मेटाकुटीला येई. सुरुवातीच्या महिन्यांत डबा दोनदा रिकामा झाला. एकदा इस्त्रीची कॉइल जळाली म्हणून, एकदा घरमालक दारात ठाण मांडून बसला म्हणून.

"आपला डबा म्हणजे गळकी बादली," सासू म्हणाली. "घरात पैसा राहायचा नाही."

तेव्हापासून डब्यातली रक्कम दर शनिवारी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे जाऊ लागली. "तारखेआधी मागायला आले तर देऊ नका," सुनेने त्याला बजावलं होतं. "रडले तरी देऊ नका."

तारीख म्हणजे सुनावणीची. तिचा नवरा तुरुंगात होता. शिक्षा पुरी व्हायच्या आत त्याला सोडायचं की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. मागच्या खेपेला दोघी वकिलाशिवाय गेल्या होत्या. काय बोलावं ते कळलं नाही, कुणी विचारलंही नाही. निर्णय तेवढा वर्षभर पुढे गेला. यंदा वकील हवाच होता, आणि वकील काही फुकट तोंड उघडत नाही.

इमारतीतल्या बायकांना तिचं भारी कौतुक. "नवऱ्यासाठी इतकं झिजणारी आता कुठे बघायला मिळते?" एक जण कपडे न्यायला आली असताना म्हणाली.

सुनेने इस्त्री तेवढी जोरात फिरवली. सासूनेच उत्तर दिलं. "कौतुक राहू द्या. गेल्या महिन्याचे पैसे तेवढे द्या."

सासूचा उजवा हात मनगटात मोडून वाकडाच जुळला होता, त्यामुळे इस्त्री तिला झेपत नसे. घड्या मात्र ती सुनेपेक्षा नीट घाली. जिन्यात जड पावलं वाजली की दोघींचे हात थांबत. वरच्या मजल्यावरचा ड्रायव्हर असे. पावलं पुढे गेली की काम पुन्हा सुरू होई.

"बाबा कधी येणार?" मुलगी शाळेतून आली की विचारायची.

"तारखेला कळेल," सून सांगायची.

विचारून झालं की ती कपड्यांच्या ढिगामागे जाऊन बसायची. हाक मारली तरी पटकन बाहेर यायची नाही. आठ वर्षांच्या पोरीनं इतकं गप्प असावं, ह्याचं सुनेला फार वाईट वाटे.

मध्येच मुलीला ताप भरला आणि उतरेना. सून दुकानात धावली. त्या दिवशी ती खरोखर रडली.

"वहिनी, तुम्हीच सांगितलं होतं," दुकानदार म्हणाला. "औषधाचं मी बघतो, सावकाश फेडा. पण ह्या पैशांना हात नाही."

तिला त्याचा राग आला. घरी पोचेपर्यंत तो गेला आणि नुसतं हायसं वाटलं.

तारीख जवळ आली आणि नेमकी रस्त्यापलीकडे मशीनची लॉन्ड्री सुरू झाली. दुष्काळात तेरावा महिना. कपडे निम्म्यावर आले. सुनेने हिशेब मांडून पाहिला. दहाव्या कपड्याने फी पुरी होणार नव्हती.

"मग पाचवा काढू," सासू म्हणाली. "मला तसंही संध्याकाळी भूक नसते."

हे खोटं आहे हे सुनेला ठाऊक होतं. ठाऊक असून तिने ते चालवून घेतलं, आणि ह्याची तिला लाज वाटत राहिली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी पैसे पुरे झाले. वकीलबाईंनी ते मोजून खणात ठेवले.

"समोरची बाजू भक्कम आहे," त्या म्हणाल्या. "कागद मी मांडीन. पण न्यायाधीश घरच्या माणसांच्या तोंडून ऐकतात. कोण बोलणार?"

"मी," सून म्हणाली.

सासू जमिनीकडे बघत होती. "आईचं काळीज आहे, बाई. माझ्याच्यानं नाही बोलवणार."

"कुणी सक्ती करणार नाही," वकीलबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्याला आणलं तेव्हा त्याची दाढी गुळगुळीत होती, केस नीट विंचरलेले. तो बारीक झाला होता. दोघींकडे बघून तो हसला.

"आई, तब्येत बरी आहे ना?"

सासूने मान हलवली.

"वकिलांचं नंतर ऐकू," न्यायाधीश म्हणाले. "घरचं कोण बोलणार आहे?"

सून उभी राहिली. वर्षभर इस्त्री फिरवताना तिने ही चार वाक्यं घोकली होती. नवरा तिच्याकडे एकटक बघत होता. तिने दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा आवाज फुटला नाही. न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं. एवढे कपडे, एवढे उपास, सगळं ह्या एका क्षणी पाण्यात चाललं होतं आणि तिचे नुसते डोळे भरून येत होते.

शेजारची खुर्ची सरकली. टेबलाचा आधार घेत सासू उभी राहिली. तिने सुनेच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"साहेब, मी ह्याची आई," ती म्हणाली. "माझ्या पोटचा आहे, म्हणून सांगते. ह्याला सोडू नका."