शेवटच्या खंडातला असुर

"देव-असुरांच्या युद्धावरच्या तुमच्या या कादंबरीमालेवर प्रभाव कोणाचा?" मुलाखतकाराने विचारलं.

"किल्ले आणि वेढे मराठ्यांच्या इतिहासातले," वैजयंती म्हणाली. "असुर मात्र माझ्या बाबांचा." पहिल्या रांगेत बाबा ताठ बसले. दशावतारात त्यांनी जन्मभर राक्षसच रंगवला होता, आणि प्रत्येक खेळात देवाच्या हातून मरण पत्करलं होतं. लहानपणी ते बघून ती हमसून हमसून रडायची.

"म्हणून येत्या शेवटच्या खंडात असुर जिंकणार आहे," तिने जाहीर केलं. सभागृहात टाळ्या पडल्या.

बाबांनी मात्र नकारार्थी मान हलवली. "नको गो चेडवा," ते जागेवरूनच खणखणीत आवाजात म्हणाले. "माका खुशाल मार. पण आधी माझ्या तोडीचो देव तरी लिही."