आखाजीचं पोलकं

चित्रकलेच्या बाईंनी सांगितलं होतं, घरातल्या जिवाभावाच्या यंत्राचं चित्र कागदाचे तुकडे चिकटवून करा. देवपूरच्या द्वारकाने थोरल्या बहिणीचं, अक्काचं, शिलाई मशीन केलं. ते वर्गात पहिलं आलं आणि घरी भिंतीवर लागलं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, अक्का वरणगावहून माहेरी आली आणि धाकट्या द्वारकाचं पोलकं शिवायला मशीनवर बसली. खण उघडला, तर रिकामा. “तुझ्या मापाची कागदी कटिंगं कुठे गेली गं?” द्वारकाने भिंतीकडे बोट दाखवलं. अक्काचं मशीन अक्काच्याच कागदांचं हवं, असं तिला वाटलं होतं. अक्का चित्राजवळ गेली. चाकावर तिचंच अक्षर होतं: ‘द्वारका, छाती सव्वीस.’ तिने गळ्यातली टेप द्वारकाभोवती धरली. अठ्ठावीस भरलं. पुन्हा मोजलं, तरी अठ्ठावीसच. “चांगली दोन इंच वाढलीस, अन् मला कुणी पत्रातून कळवलंसुद्धा नाही!”