तालुका निवडा

जहाजावर आचारी असलेला कल्याण इटलीत, जिनोआच्या बंदरात वारला. त्याची बॉडी गावी आणायचा अर्ज भरायला बाप आसाराम नगरच्या सेतू केंद्रात गेला.

"काका, मयत कुठं झाली?" कम्प्युटरवरच्या पोरीनं विचारलं.

"इटलीत. जिनोआला."

"तालुका?"

"समुद्र हाय ओ तिथं. तालुका कुठून आनू?"

"तालुका टाकल्याबिगर फॉर्म म्होरं जात न्हाई. थांबा, यादीतला पहिलाच टाकते. नावापुरता."

अर्ज लगेच मंजूर झाला. चौथ्या दिवशी त्याच तालुक्याच्या दवाखान्यातून फोन आला, बॉडी घेऊन जा. आसाराम आणि त्याची बायको रंगुबाई टेम्पो करून पोचले. शिपायानं चादर बाजूला केली.

"ह्यो आमचा कल्याण न्हाई," आसाराम म्हणाला.

"नसंल. पन कम्प्युटरला तुमच्या नावावर हाच हाय. हा नेल्याबिगर दुसरा अर्ज चालायचा न्हाई."

रंगुबाईनं त्या बेवारस पोराच्या तोंडावरच्या माश्या पदरानं हाकलल्या.

"उचला," ती नवऱ्याला म्हणाली. "तिकडं आपल्या कल्याणलाबी कुनीतरी आसंच उचललं तर बरं."