फुस्स सर

मीटरचा काटा हलला. तिने चुंबक तारेच्या गुंडाळीतून बाहेर ओढला, पुन्हा आत सरकवला. पुन्हा हलला. तिला हायसं वाटलं. निदान आज कोणी हसणार नव्हतं.

बाबा गेल्यावर मुख्याध्यापकांनी त्यांची भौतिकशास्त्राची जागा तिला देऊ केली होती. एक तास घेऊन बघते, मग सांगते, असं ती म्हणाली होती. शिकवण्याची तिला भीती नव्हती. भीती होती त्या नावाची. सगळी शाळा बाबांना 'फुस्स सर' म्हणायची, कारण वर्गात त्यांचा प्रयोग हमखास फसायचा. ती याच शाळेत शिकली. वर्ग खिदळायला लागला की ती उगीच वहीत डोकं घालायची.

"सरांचंच सामान काढलंस?" दारातून बाईंनी विचारलं. त्या शेजारच्या तुकडीला भौतिकशास्त्र शिकवत. एके काळी बाबांच्याच विद्यार्थिनी.

"हो. पण माझा नाही फसणार. मघापासून करून बघतेय."

"मग मुलं टाळ्या वाजवतील आणि घरी जातील." बाई हसल्या. "आम्ही कुठले जातोय. सर डोकं खाजवत म्हणायचे, 'बोंबललं की रे सगळं. आता काय करायचं?' की आम्ही टेबलावर तुटून पडायचो. कोणी तार तपासतंय, कोणी काटा. बिघाड सापडला की आम्ही राजे. एका बाकावरच्या आम्ही तिघी आज हाच विषय शिकवतोय. सरांच्या हाताला मात्र यश नव्हतं बिचाऱ्यांच्या."

तिने हातातला चुंबक खाली ठेवला.

"बाई, प्रत्येक प्रयोग बाबा आदल्या दिवशी घरी करून बघायचे. जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर."

"मग?"

"एकदाही फसला नाही. मला वाटायचं, चारचौघांत त्यांचे हात कापतात."

बाईंनी स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या. बराच वेळ त्या मीटरकडे बघत होत्या.

"लबाड माणूस," त्या हळूच म्हणाल्या आणि पुसायला चष्मा काढला.

घंटा झाली. मुलांचा गलका जिन्यावरून वर येऊ लागला.

"मुख्याध्यापकांना काय सांगू?" बाईंनी विचारलं.

"उद्यापासून रोज येते म्हणावं," ती म्हणाली आणि तिने गुंडाळीच्या एका टोकाचा स्क्रू अलगद सैल केला.